घरात एकाला टाइप १ निघाला, तर बाकीच्या मोठ्यांनी तपासणी कशी करावी

माझ्या धाकट्या दिरांच्या पट्ट्याला ऐरोली स्टेशनबाहेरच्या चांभाराने सहा महिन्यांत तीन नवी भोकं पाडून दिली होती. घरात सगळे कौतुकच करायचे, "शुगर निघाल्यापासून वजन मात्र छान उतरवलंत." त्यात मीही होते. ठाण्यात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं मी सँपल घेते आहे, रोज मधुमेहाच्या फायली हाताखालून जातात, आणि घरातल्या माणसाच्या पट्ट्याकडे माझं लक्ष गेलं नाही. याचं वाईट आजही वाटतं.

वय ३९, अंगाने काटकुळे, रबाळ्याच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, आईवडिलांपैकी कुणालाच मधुमेह नाही. तरी फाइलवर 'टाइप २' लिहिलं गेलं आणि दीड वर्ष गोळ्या वाढत गेल्या. एका रविवारी उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. शुगर २३० आली, "फार काही नाही, ॲसिडिटी आहे" म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री श्वास जोरजोरात चालू लागला आणि पहाटे ते आयसीयूत होते. रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारे पदार्थ, साचून आम्ल झालं होतं. पुढे गॅड अँटीबॉडीची, म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनवलेल्या एका प्रथिनाची तपासणी झाली, ती ठळक पॉझिटिव्ह. म्हणजे मोठेपणी आलेला, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने घडवलेला टाइप १ मधुमेह.

तेव्हापासून लॅबच्या खिडकीवर मला दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणजे ज्यांच्या भावाला, बहिणीला, मुलाला टाइप १ आहे आणि "मलाही होईल का" हे विचारायला आलेली. दुसरी म्हणजे ज्यांना मधुमेह आहेच, पण तो नक्की कुठला याची शंका आहे. तपासण्या बऱ्याचशा त्याच, पण रिपोर्टचा अर्थ दोघांसाठी वेगळा. आपण कुठल्या रांगेत आहोत ते आधी ठरवा.

आधी एवढं समजून घ्या

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. काही माणसांची प्रतिकारशक्ती याच पेशींना परकं समजून मारायला लागते. हे काम महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. शुगर तेव्हा अगदी नॉर्मल असते, पण रक्तात अँटीबॉडी दिसू लागतात. त्याच आपण शोधतो.

डॉक्टर याचे तीन टप्पे मानतात. पहिला: दोन किंवा अधिक अँटीबॉडी, शुगर नॉर्मल. दुसरा: दोन किंवा अधिक अँटीबॉडी आणि शुगर थोडी सरकलेली, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ५.७ ते ६.४. तिसरा म्हणजे उघड मधुमेह. आपण आज कुठल्या टप्प्यावर आहोत, किंवा या वाटेवर आहोत तरी का, एवढंच तपासणी सांगते.

टाइप १ हा लहान मुलांचा आजार, हा समज डोक्यातून काढून टाका. २०२१ साली जगभरात नव्याने टाइप १ झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वीस किंवा त्याहून जास्त वयाचे होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. मोठ्यांमध्ये तो हळू येतो म्हणून टाइप २ समजला जातो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात टाइप २ म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांच्या रक्तात या अँटीबॉडी सापडल्या होत्या.

तपासणी कुणी करावी

सख्ख्या नात्यात, म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला टाइप १ असेल तर विचार जरूर करा. पाश्चात्त्य देशांतले आकडे सांगतात की अशा नातेवाइकांना धोका इतरांपेक्षा साधारण पंधरा पट, म्हणजे शंभरातल्या पाच जणांना. शंभरातल्या पंचाण्णव जणांना काही होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. घाबरलेल्या माणसाला मी आधी तेच सांगते.

मधुमेह असलेल्यांनी पुढच्या गोष्टी जुळतात का ते पाहावं: पस्तिशीच्या आत मधुमेह निघाला, अंगाने सडपातळ, वजन आपोआप उतरतंय, गोळ्या वाढवूनही शुगर हटत नाही, किंवा स्वतःला अथवा घरात कुणाला थायरॉइडचा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्तीनेच घडवलेला) आजार, अंगावर कोड, सीलिॲक (गव्हामुळे होणारा आतड्याचा आजार) असं काही आहे. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर डॉक्टरांना सरळ विचारा, "माझी गॅड करून बघायची का?" डॉक्टर रागावत नाहीत. आणि रागावले, तरी प्रश्न विचारायचा हक्क तुमचाच.

उलट, वय पंचावन्न, पोट सुटलेलं, आईवडील दोघांना टाइप २ आणि गोळ्यांवर शुगर व्यवस्थित, अशा माणसाने यावर पैसे घालवू नयेत. नात्यात कुणालाच काही नसताना सोसायटीच्या शिबिरात उगाच अँटीबॉडी करून घेऊ नयेत. धोका मुळातच कमी असलेल्या माणसात पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट खोटा असण्याची शक्यता जास्त असते, आणि मग झोप उडते.

चिठ्ठी कुणाकडून घ्यायची

स्वतःच्या मनाने ॲपवरून पॅकेज बुक करू नका. आधी फॅमिली डॉक्टर, आणि जमलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या आजारांचे तज्ज्ञ. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि वाशी, नेरुळ, बेलापुरात मधुमेहाचे खासगी डॉक्टर भरपूर आहेत. खर्च जपायचा असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय इथल्या मेडिसिनच्या ओपीडीत सुरुवात करता येते. नेरुळला डी. वाय. पाटील आहे. परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून जाताना स्लो लोकल पकडा, फास्ट परळला थांबत नाही. नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला आणि तिथून बदली. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. शुगर कधी, किती आणि कुठल्या औषधावर होती हे डॉक्टरांना एका नजरेत दिसलं की निम्मं काम होतं.

चिठ्ठीवर काय असतं

चार नावं लक्षात ठेवा: गॅड-६५, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिन ऑटोअँटीबॉडी. मोठ्यांमध्ये सर्वांत जास्त सापडते ती गॅड, म्हणून मधुमेह असलेल्यांना बहुतेक वेळा आधी तीच सांगतात. नातेवाइकांमध्ये धोका मोजायचा असेल तर एकटी गॅड पुरत नाही, कारण 'दोन किंवा अधिक' हे ठरवायला बाकीच्याही लागतात.

इथे खिडकीवर नेहमी होणारी एक चूक सांगते. चिठ्ठीवर 'इन्सुलिन अँटीबॉडी' असतं आणि काउंटरवर 'फास्टिंग इन्सुलिन' नोंदलं जातं. नावं सारखी, तपासण्या पूर्ण वेगळ्या. दुसरीत फक्त रक्तातलं इन्सुलिन मोजतात. पावती हातात आली की चिठ्ठीशेजारी धरून एकेक नाव ताडून पाहा.

इन्सुलिनची इंजेक्शनं दोन आठवड्यांहून जास्त दिवस चालू असतील, तर इन्सुलिन ऑटोअँटीबॉडी करण्यात अर्थ नाही. बाहेरून दिलेल्या इन्सुलिनविरुद्धही शरीर अँटीबॉडी बनवतं, त्यामुळे रिपोर्ट फसवतो. बाकीच्या तिन्ही चालतात.

खर्च आधी फोन करून विचारा. साध्या शुगरच्या कित्येक पट असतो, आणि चारही एकदम केल्या तर खिसा चांगलाच हलका होतो. बहुतेक लॅब हे सँपल आपल्या मुख्य लॅबला पाठवतात, त्यामुळे रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही. शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. प्रत्येक पद्धतीची एककं आणि मर्यादा निराळ्या असतात. एका लॅबचे १३ आणि दुसरीचे ४० यांची तुलना होत नाही.

सँपल देण्याचा दिवस

फक्त अँटीबॉडीसाठी उपाशी राहावं लागत नाही. सोबत फास्टिंग शुगर असेल तर आठ ते दहा तास फक्त पाणी.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सँपल घेणाऱ्याला जरूर सांगा. हल्ली पुष्कळ बायका त्या घेतात आणि औषध म्हणून मोजतच नाहीत. काही यंत्रांवरच्या तपासण्यांत बायोटिन लुडबुड करतं आणि आकडा चुकीचा येतो. किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

एचबीए१सीचंही एक सांगायला हवं. रक्तात लोह कमी असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि थॅलेसीमिया मायनर असेल तर कधी खालीवर होतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचा निकाल नुसत्या एचबीए१सीवर लावू नये.

खरी कसोटी ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीची. तीन दिवस आधीपासून भात-पोळी नेहमीसारखी खायची, डाएट करायचं नाही. नवरात्राच्या उपासात किंवा संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी ही तपासणी ठेवू नका. सकाळी उपाशीपोटी पहिलं सँपल, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. पाक प्यायल्यासारखं वाटतं, काहींना मळमळतं, म्हणून आम्ही लिंबू पिळून देतो. दुकानातला ग्लुकोजचा डबा घरून आणू नका, लॅब मोजून देते. पुढचे दोन तास बाकावर बसून काढायचे. "तलावपाळीला एक फेरी मारून येतो" म्हणून पुष्कळ जण उठतात. चाललं की स्नायू साखर वापरतात आणि आकडा खाली येतो. चहा नाही, तंबाखू नाही, सिगारेट नाही. उलटी झाली तर लपवू नका, तपासणी वेगळ्या दिवशी पुन्हा करता येते.

रिपोर्ट हातात आल्यावर

सगळ्या अँटीबॉडी निगेटिव्ह आणि तुम्ही नातेवाईक असाल, तर सध्या धोका कमी आहे. लक्षणं दिसली तर मात्र पुन्हा यायचं.

निगेटिव्ह रिपोर्ट मधुमेह असलेल्या माणसाचा असेल, तर तेवढ्याने टाइप १ नाही असं ठरत नाही. मोठेपणी टाइप १ झालेल्यांत साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या अँटीबॉडी निगेटिव्ह येतात. उलट, सडपातळ असला म्हणून ऑटोइम्यूनच असेल असंही नाही. आपल्या देशात स्वादुपिंडात खडे होऊन येणारा मधुमेह आहे, पिढ्यांमधून येणारा मोडी प्रकार आहे, आणि कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली आहे. यांचे उपचार एकसारखे नाहीत, म्हणून पुढचा निवाडा डॉक्टरांचा.

एकच अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तर घाई करू नका. हे मी अनुभवाने सांगते. दिरांनंतर माझ्या नवऱ्याची तपासणी केली. लॅबची मर्यादा १० आणि यांची गॅड १३. बाकी सगळं निगेटिव्ह. तीन आठवडे घरात कुणी गोड बोललं नाही, सासूबाई देवासमोरून उठेनात. डॉक्टरांनी वेगळ्या दिवशी नव्याने घेतलेल्या सँपलवर तीच तपासणी पुन्हा करायला लावली आणि ती निगेटिव्ह आली. काठावरचा एकटा आकडा बरेचदा असाच विरतो. पॉझिटिव्ह म्हणजे दोनदा, दोन वेगळ्या सँपलवर पॉझिटिव्ह, हा नियम पक्का धरा. एकच अँटीबॉडी खरोखर टिकून राहिली तरी बहुतेक मोठ्या माणसांना पुढे मधुमेह होत नाही. शुगर नॉर्मल असेल तर तीन वर्षांनी, आणि सख्ख्या नात्यात टाइप १ असेल तर दरवर्षी तपासावं, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

दोन किंवा अधिक अँटीबॉडी पक्क्या झाल्या तर गोष्ट गंभीर आहे. अमेरिका, फिनलंड आणि जर्मनीतल्या मुलांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला, तर एकच अँटीबॉडी असलेल्यांपैकी १४ ते १५ टक्क्यांना. मोठ्यांमध्ये वेग कमी असतो, पण दिशा तीच. शुगर नॉर्मल असेल तर वर्षातून एकदा, सरकलेली असेल तर दर सहा महिन्यांनी एचबीए१सी आणि शुगर. घरी ग्लुकोमीटर ठेवा आणि तो वापरायला आधीच शिकून घ्या.

गॅडचा आकडा प्रचंड मोठा असेल आणि अंग ताठरणं, स्नायू आखडणं असा त्रास असेल, तर मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनाही दाखवा. हीच गॅड एका दुर्मीळ मज्जाविकारातही खूप वाढते.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक पायरी: सी-पेप्टाइड

शरीर इन्सुलिन बनवताना सोबत सी-पेप्टाइड नावाचा तुकडाही सुटतो, म्हणून शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय हे यातून कळतं. इन्सुलिन घेत असलात तरी चालते, कारण बाहेरच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्याच वेळी शुगरही मोजून घ्या, नुसता आकडा अर्धवट असतो. आयसीयूतून आल्या आल्या करू नका, निदान दोन आठवडे जाऊ द्या. ढोबळमानाने ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे इन्सुलिन जवळपास संपलंय, १.८ च्या वर म्हणजे अजून बरंच शिल्लक आहे, आणि मधल्यांनी काही काळाने पुन्हा तपासायचं. लॅब पिकोमोलमध्ये देत असेल तर तेच आकडे २०० आणि ६००.

औषधांबाबत

अँटीबॉडी पॉझिटिव्ह मधुमेह निघाला तर चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या अशा रुग्णांत शक्यतो टाळतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, यांनी कीटोन साचण्याचा धोका वाढतो, आणि तोही शुगर फारशी न चढता. दिरांच्या बाबतीत हेच झालं. स्वतःच्या मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नका.

इन्सुलिन सुरू केल्यावर काही महिने शुगर इतकी छान येते की "बरा झालो" असं वाटतं. उरलेल्या पेशींना विसावा मिळालेला असतो, आजार गेलेला नसतो. नेमक्या याच काळात अँटीबॉडी धुऊन काढण्याची हमी देणारे काढे आणि पुड्या विकणारे भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून इन्सुलिन सोडलं तर जीव जाऊ शकतो.

दुसऱ्या टप्प्यातल्या, आठ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या लोकांसाठी टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. चौदा दिवस रोज शिरेतून देतात. चाचणीत मधुमेह उघड व्हायला साधारण दोन वर्षं उशीर झाला. उशीर होतो, आजार कायमचा टळत नाही. दोन अँटीबॉडी आणि सरकलेली शुगर असेल तर डॉक्टरांकडे हा विषय नक्की काढा.

या खुणा दिसल्या तर तारखेची वाट पाहू नका

सारखी तहान, रात्रीत चार-पाच वेळा लघवी, आठवड्यांत उतरलेलं वजन. यासाठी त्याच दिवशी शुगर बघा. आणि उलट्या, पोटदुखी, जोराचा खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, यातलं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. कीटोनच्या पट्ट्या मेडिकलच्या दुकानात मिळतात, त्या घरात ठेवा.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तुमची फाइल माहीत नसते. गर्दीत, रात्रपाळीला, शुगर दोनशेच्या आसपास बघून ते ॲसिडिटी समजू शकतात. म्हणून रुग्णाला टेबलावर ठेवता ठेवताच मोठ्याने सांगा, "यांच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहेत, कीटोन तपासा." रिपोर्टचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. दिरांच्या पाकिटात मी हेच वाक्य मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलं आहे, लोकलच्या पासच्या मागे.